आपलं नाव दुसऱ्याच्या हाती

2021च्या जानेवारीत नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये चोरीला गेले. तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता. लहान सहकारी बँका ग्राहकांचे आरटीजीएस आणि एनईएफटीचे व्यवहार एखाद्या मोठ्या बँकेत खातं ठेवून त्यामार्फत करतात. शंकर नागरी बँकेचंही असं खातं होतं. त्या खात्यातून बँकेच्याच नावानं पैसे पाठवण्याचे आदेश सुटले आणि रक्कम ठिकठिकाणच्या अनेक खात्यांत विखुरली. आदेश घेणाऱ्या यंत्रणेच्या लेखी सगळं रीतसर होतं. नाव बरोबर, परवानगी बरोबर. आदेश देणारा तेवढा वेगळा होता.

नागरी बँका आणि पतसंस्थांच्या संगणक यंत्रणा किती सुरक्षित आहेत, हे तपासण्याचं काम मी करतो. संचालक मंडळाच्या बैठकीत मला पहिला प्रश्न येतो तो यंत्रांचा. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, फायरवॉल कुठली बसवावी? यंत्रं लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण चोराला आपली भिंत फोडायची हौस नसते. त्याला थोड्या वेळापुरतं ‘आपण’ व्हायचं असतं. एकदा तो आपल्या नावानं आत आला की सगळी दारं त्याला आपणहून उघडतात. म्हणून आपलं नाव, आपली ओळख कुणाकुणाच्या हाती आहे, हा प्रश्न मला आधी विचारावासा वाटतो. माझं गाव हिमायतनगर. तिथे या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा फार वेगळं येतं, आणि हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

आधी मोठ्या चोऱ्यांबद्दल थोडं. कारण लहान चोऱ्यांची रीत तीच असते. 2018च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून अधिक रक्कम गेली. ही 1906 साली स्थापन झालेली, राज्यातल्या नामवंत सहकारी बँकांपैकी एक. 11 ऑगस्टला भारतासह 28 देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले गेले. कार्ड खरं आहे का, असा प्रश्न एटीएम विचारत होतं आणि बँकेच्या खऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी उभी केलेली यंत्रणा ‘होय, द्या’ असं उत्तर देत होती. 13 तारखेला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून जवळपास 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयानं 2023च्या एप्रिलमध्ये 11 जणांना दोषी ठरवलं, ते खालच्या फळीतले. एटीएमपुढे उभे राहून पैसे काढणारे आणि ते पुढे पोचवणारे. या फळीबद्दल पुढे बोलायचं आहे.

2016च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर गेले. त्या चोरीची सुरुवात कशी झाली, हे अमेरिकेच्या तपासयंत्रणेनं न्यायालयात मांडलेल्या कागदपत्रांत वाचायला मिळतं. 2015च्या जानेवारीत बँकेच्या काही कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका उमेदवाराचे ईमेल आले. भाषा नम्र. सोबत बायोडाटा उघडण्यासाठी एक दुवा. कुणीतरी तो उघडला, आणि पुढचं वर्षभर चोर आत बसून कामकाज शिकत राहिले. त्या ईमेलमध्ये धमकी नव्हती, लॉटरी नव्हती, चुकीचं इंग्रजी पाहून संशय यावा असंही काही नव्हतं. फसवा ईमेल ओळखू येईल इतका बावळट असतो, हा समज आता सोडायला हवा. मराठीतसुद्धा शुद्ध, सुबक मजकूर यंत्राकडून दोन मिनिटांत लिहून मिळतो.

ईमेलवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते पाकिटावर पाठवणाऱ्यानं स्वतः लिहिलेल्या नावासारखं असतं. काहीही लिहिता येतं, टपाल खातं ते तपासत बसत नाही. नावावर बोट ठेवलं की खालचा खरा पत्ता दिसतो, तो वाचायचा. पण तिथेही फसगत होते. इंग्रजीतली आर आणि एन ही अक्षरं शेजारी आली की एमसारखी दिसतात. नांदेड-लातूरकडच्या डाळमिल, जिनिंग, बियाणं आणि अडत व्यापाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्यांच्यासाठी या चोरीचा एक खास प्रकार आहे. चोर आधी दोन पेढ्यांपैकी एकीच्या ईमेलमध्ये शिरतो आणि गप्प बसतो. कुणाचा माल कुणाकडे चालला आहे, बिल किती, पैसे कधी द्यायचे, हे तो वाचत राहतो. नेमक्या दिवशी, नेमक्या रकमेच्या बिलासोबत एक ओळ येते: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया या नव्या खात्यावर रक्कम पाठवावी.’ बिल खरं, रक्कम खरी, माल खरा. खातं तेवढं खोटं. यावर इलाज एकच. खातं बदलल्याचं पत्र आलं की आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर त्या माणसाला फोन करायचा आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही. ईमेलच्या तळाशी छापलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो नंबरही चोरानंच छापलेला असतो. निरोप ज्या वाटेनं आला त्या वाटेनं उत्तर द्यायचं नाही, आपल्या ओळखीच्या वाटेनं जायचं. मला सगळं विसरून एकच नियम सांगायला लावला तर मी हाच सांगेन.

आता हिमायतनगरकडे येतो. पूर्वीचं नाव वाढोणा. परमेश्वराचं देऊळ, महाशिवरात्रीची जत्रा, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे, पलीकडे पैनगंगा आणि विदर्भ. कापूस, सोयाबीन, हळद, हरभरा. इथला शेतकरी ईमेल वाचत नाही. ‘मला काय ईमेल-बिमेल नाही बाबा’ असं तो खात्रीनं सांगतो. पण त्याच्याकडे ईमेल असतं. स्मार्टफोन घेतला त्या दिवशी मोबाइल दुकानातल्या पोरानं ते काढून दिलेलं असतं, कारण गूगलच्या खात्याशिवाय अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरवरून ॲपच उतरवता येत नाहीत. पासवर्ड त्या पोरानं ठरवलेला, बहुतेक वेळा मालकाच्या नावापुढे 123. पासवर्ड विसरला तर कुठल्या नंबरवर कळवायचं, या जागी कधीकधी दुकानाचाच नंबर. त्या खात्यात मग मालकाच्या नकळत सगळं साठत जातं. फोटो, लोकांचे नंबर, सातबारा आणि पासबुकाचे काढलेले फोटो, ॲपचे पासवर्ड. ज्याच्या हाती हे एक खातं, त्याच्या हाती बाकी सगळ्याचे पासवर्ड बदलायची सोय. तो पोरगा बहुधा प्रामाणिकच असतो. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. अशा शेकडो खात्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवलेले असतात आणि ती वही काउंटरवर पडलेली असते, याची मला काळजी वाटते.

फोनच्या सेटिंगमध्ये गूगलचं खातं उघडून तिथला सुरक्षेचा भाग पाहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पासवर्ड बदला, परत मिळवण्याचा नंबर स्वतःचा किंवा मुलाचा घाला, आणि आणखी कोणकोणत्या फोनवर हे खातं उघडं आहे याची यादी बघून अनोळखी फोन काढून टाका. दुसरी पायरी म्हणून ‘पासकी’ची सोय चालू करता आली तर उत्तम. पासकी ही पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, ती फक्त खऱ्या संकेतस्थळालाच उत्तर देते. नकली पानासमोर ती चालतच नाही, त्यामुळे माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. याच तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या सुरक्षा-किल्ल्या गूगलनं आपल्या 85 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना दिल्या. त्यानंतर कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं कामाचं खातं अशा फसव्या ईमेलमुळे चोराच्या हाती गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीनं 2018 साली सांगितलं. इतक्या कुशल लोकांनाही शहाणपणावर न सोडता किल्ली द्यावी लागली, हे लक्षात घ्यावं.

आमच्याकडे गळ टाकला जातो तो व्हॉट्सॲपवर. गावाच्या गटात एक फाइल येते. नाव ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, कधी लग्नाची पत्रिका, कधी बँकेचं केवायसी. शेवटी एपीके ही अक्षरं. मला गावाकडून फोन येतात ते असे: “दादा, गुरुपात पीएम किसानचं आलंय. दाबू का?” मी विचारतो, कुणी टाकलंय? “आपल्याच शेजारच्या मामानं टाकलंय की. तेनं खोटं कशाला टाकल?” मामानं टाकलेलंच नसतं. मामाच्या फोनमध्ये ती फाइल आधी शिरलेली असते आणि आता मामाच्या नावानं ती पुढे निघालेली असते. ज्या विश्वासावर गाव चालतं, त्याच विश्वासाच्या वाटेनं ही फाइल घरोघरी जाते.

ती फाइल म्हणजे पत्र नाही, ते ॲप आहे. दाबलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी आपल्या आधी चोराला दिसतो. आपण कुणाला ओटीपी सांगितलाच नाही, हे अशा प्रकरणात अगदी खरं असतं आणि तरी पैसे जातात. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ ही सूचना चांगली आहे, पण आता ती अपुरी आहे. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं आणि चॅटवर आलेली एपीके फाइल कुणीही पाठवली असली तरी उघडायची नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं.

उघडली गेलीच, तर पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना ते पाहा. म्हणजे चोराशी असलेलं त्याचं बोलणं तुटतं. दुसऱ्या फोनवरून 1930 या सायबर मदत क्रमांकाला आणि बँकेला फोन करा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून. त्यानंतर ते ॲप काढा. शक्य असेल तर फोटो वाचवून फोन पूर्ण कोरा करून घ्या. बिघडलेला फोन हातात घेऊन त्यावरच बँकेचं ॲप उघडून ‘पैसे आहेत का’ बघण्याचा मोह फार होतो. तो आवरा.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तिच्या नावानं नकली पानं निघाली. खरं कोणतं, हे ओळखायची एक पक्की रीत आहे आणि ती शाळेत सहावी-सातवीत शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं. संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे असेल तोच खरा मालक. त्याच्याही डावीकडे काय लिहायचं ते मालकाच्या मर्जीवर असतं. खरं पान आहे ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’. उजवं टोक जीओव्ही डॉट इन. ते फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. आता समजा पत्ता आला ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट अमुक-तमुक डॉट ऑनलाइन’. डावीकडून वाचणाऱ्याला सगळं सरकारी वाटतं. उजवीकडून वाचलं की मालक अमुक-तमुक निघतो. शेजारी कुलपाचं चित्र आहे म्हणून विश्वास ठेवू नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या पानाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. पान चोराचं असेल तर चोराशी तुमचं बोलणं सुरक्षित होतं. या गैरसमजापायीच गूगलनं 2023 साली क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं.

रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हा शेवट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. सामान्य माणसाच्या हाती इतकी सोपी खूण देणारे निर्णय थोडे आहेत. ही खूण गावोगावच्या शाखांनी पाटीवर रंगवून घ्यावी. मेसेजचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर येतं. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे जाहिरात. साध्या दहा आकडी नंबरवरून ‘तुमचं खातं बंद होणार’ असा मेसेज आला तर तो बँकेचा नाही.

यानंतर अंगठा. माझ्या तालुक्यात चोरी होण्याची सर्वांत मोठी जागा मला ही वाटते. सरसम, कामारी, जवळगाव अशा गावांतल्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत यायला एक दिवस मोडतो, म्हणून गावातला बँकमित्र आधारवर अंगठा घेऊन पैसे देतो. ही सोय खरोखर मोलाची आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण या व्यवहारात ओटीपी लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. “अंगठा उठंना गेलाय आज्जी, पुन्हा ठेवा” असं म्हणून दोनदा अंगठा घेतला की दोनदा पैसे काढता येतात. शेतात राबून रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा खरोखरच उठत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला संशयही येत नाही. अंगठा ठेवण्याआधी पडद्यावरचा आकडा कुणाकडून तरी वाचून घ्या. पावती मागाच. अंगठा उठला नाही तर ‘व्यवहार झाला नाही’ अशी पावतीसुद्धा मिळते, ती घ्या.

अंगठा चोरता येतो का? येतो. 2018 साली आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विकणाऱ्यानं जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उतरवून त्यांचे नकली अंगठे केले आणि सिमकार्डं सुरू केली. ते दस्त सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येत होते. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन अंगठा कुलूपबंद करायची सोय वापरा. हवा तेव्हा तो थोड्या वेळासाठी उघडता येतो. शहरातल्या वाचकांनी तर हे आजच करावं. गावात अडचण अशी की रेशनलाही अंगठा लागतो आणि दर वेळी कुलूप काढून देणारं घरात कुणी नसतं. तिथे मी दुसरा मार्ग सांगतो. सोयाबीनची पट्टी, हळदीचे पैसे, जमिनीचा मोबदला अशी मोठी रक्कम अंगठ्यानं निघणाऱ्या बचत खात्यात पडू द्यायची नाही. मुदत ठेवीत टाकायची आणि ती ऑनलाइन मोडता येऊ नये असं शाखेत लिहून द्यायचं. रोजच्या खात्यात घरखर्चापुरतंच ठेवायचं.

शेजारच्या हदगाव तालुक्यात, मनाठ्याला 2024 साली एक प्रकरण उघडकीला आलं. सेवा केंद्र चालवणाऱ्यानं गावातल्या पुरुषांची आधार कार्डं आणि पासबुकं रोजगार हमीचे पैसे येतील असं सांगून घेतली आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून रक्कम त्यांच्या खात्यांवर आणली. ज्यांची कागदं होती त्यांना आपल्या नावावर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. इथे फसवा ईमेल नाही, दुवा नाही. फक्त झेरॉक्स. आपल्याकडे आधारची झेरॉक्स सुट्या पैशांसारखी दिली जाते. बचत गटासाठी, सिमकार्डासाठी, पीकविम्यासाठी, लॉजवर मुक्कामासाठी. देताना झेरॉक्सवर आडवं लिहावं: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, आणि सही. शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्यावं, ते तसं उतरवून मिळतं. भारतात ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा चोरी झाल्यावर कामाला येतो. झेरॉक्सवरची ती आडवी ओळ आधी.

घरातल्या चार-पाच जणांच्या आधारला एकच मोबाइल नंबर जोडलेला, हे मला गावात सतत दिसतं. बहुधा तो शिकलेल्या मुलाचा किंवा पुतण्याचा असतो, आणि तो पुण्याला कंपनीत असतो. तिकडे त्यानं नंबर बदलला, रिचार्ज न केल्यानं जुना बंद पडला, की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याच माणसाला मिळतो. आजीच्या खात्याचे ओटीपी मग अनोळखी माणसाकडे जायला लागतात. कुणी चोरी केलेलीच नसते आणि ओळख गेलेली असते. ज्याच्या नावावर बँक खातं आहे त्याचा स्वतःचा नंबर असावा, आणि नंबर बदलायच्या आधी बँकेत, आधारमध्ये तो बदलून घ्यावा.

आता ती खालची फळी. चोरलेले पैसे थेट चोराच्या खात्यात कधीच जात नाहीत. मध्ये दहा-वीस खाती लागतात, आणि ती आपल्याच पोरांची असतात. नांदेडला, लातूरला शिकायला आलेल्या मुलाला कुणीतरी सांगतं, खातं काढ, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार मिळतील. त्याला वाटतं, आपल्या खात्यात पैसेच नाहीत, आपलं काय जाणार? जातं ते नाव. पोलिसांच्या कागदावर पैसे घेणारा म्हणून पहिलं नाव त्याचं येतं, तपास त्याच्या दारात येतो, खातं गोठतं. एखाद्या आजीची पेन्शन त्या खात्यातून वाहून गेली असते. मी कॉलेजांत बोलायला जातो तेव्हा फसव्या ईमेलपेक्षा जास्त वेळ या विषयावर बोलतो. फसवल्या जाणाऱ्याला वाचवणं अवघड आहे. पण भाड्यानं खाती मिळेनाशी झाली तर चोराला पैसा न्यायला वाटच राहत नाही. खातं भाड्यानं देणारा मुलगा हा चोरीतला भागीदार आहे, आणि घरच्यांनी त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

चोरी झाल्यावर सगळ्यात जास्त नुकसान करते ती लाज. माणूस दोन-दोन दिवस घरात बोलत नाही. मास्तर असेल, निवृत्त कर्मचारी असेल, तर अधिकच. ‘लोक काय म्हणतील, एवढा शिकलेला आणि फसला.’ त्या दोन दिवसांत पैसा दहा खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो. 1930वर तक्रार गेली की ज्या खात्यात पैसा पोचलाय त्या बँकेला तो अडवायची सूचना जाते. पैसा खात्यात असेपर्यंतच तो अडवता येतो. म्हणून पहिला तास. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवून फोन करा. हिमायतनगरच्या माणसाला त्यासाठी नांदेडला जायचं कारण नाही. फोनवर किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पानावर तक्रार होते आणि गावच्या पोलीस ठाण्यालाही ती घ्यावी लागते.

बँकेलाही लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण त्या पोचेवर पुढचं सगळं ठरतं. रिझर्व्ह बँकेनं 2017 साली ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल नियम केले आणि त्याच वर्षी ते सहकारी बँकांनाही लागू केले. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणाहून गळती झाली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. तुम्हीच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या माथी. शाखेतून ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा शांतपणे सांगा की ते सिद्ध करायची जबाबदारी नियमानुसार बँकेची आहे. सहकारी बँकांच्या माझ्या स्नेह्यांना हे वाक्य आवडणार नाही. पण ठेवीदार टिकला तर बँक टिकेल.

दिवाळीला पुण्याहून, हैदराबादहून, मुंबईहून गावी येणाऱ्या मुलामुलींकडे माझं एक मागणं आहे. भाऊबीज आटोपली की एक दुपार काढा. आई-वडिलांच्या गूगल खात्याचा पासवर्ड त्यांच्यासमोर बदला. सरकारच्या ‘संचार साथी’ या पानावर त्यांच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते पाहा, ओळखीची नसतील ती तिथेच बंद करायला सांगा. आधारच्या पानावर गेल्या सहा महिन्यांत त्यांचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची यादी मिळते, ती त्यांना वाचून दाखवा. वर्षातून एकदा सिबिलसारख्या संस्थेकडून कर्जाचा अहवाल फुकट मिळतो. तो काढा, आईच्या नावावर तिला माहीत नसलेलं कर्ज आहे का तपासा. हे करताना त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलं तर पुढच्या वेळी काही घडलं की ते तुम्हाला सांगणार नाहीत. आणि निघण्याआधी जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो तिथे, भिंतीवर, ठळक आकड्यांत 1930 लिहून जा.